सफारी उचलण्याआधी ती किती बसली आहे ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ ची टाटा सफारी डायकोर, २.२ लिटर, फोर बाय फोर, एक लाख नव्वद हजार किलोमीटर चाललेली. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडच्या शेतावर जाताना पांदण रस्त्यावर ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "समोरचे टॉर्शन बार कसतो, मागं पॅकिंग टाकतो, अर्ध्या दिवसात तीन इंच उचलून देतो भाऊ." करावं का, आणि टायर कोणते घालावेत?

तीन इंच करू नका. अर्ध्या दिवसात तर अजिबात नका. पण गाडी आहे त्या स्थितीतही ठेवू नका. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुम्ही ज्याला 'लिफ्ट' म्हणून राहिले त्यातला बराचसा भाग गाडीनं सोळा-सतरा वर्षांत गमावलेली स्वतःचीच उंची आहे. ती आधी परत मिळवा.

पहिली गोष्ट, नेमकं काय घासतं ते बघा. शेतावरून आल्यावर लगेच गाडी धुऊ नका. सतरंजी अंथरून खाली शिरा, टॉर्च मारा आणि माती कुठून खरवडली गेली ते शोधा. मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांची पेटी, चकचकीत झाला असेल, तर लिफ्टचा काडीचाही उपयोग नाही. सफारीला मागे अखंड ॲक्सल आहे आणि तो चाकांवर उभा आहे. स्प्रिंगखाली काहीही घाला, वर जाते ती बॉडी आणि चेसिस. गोळा जमिनीपासून आहे तिथेच राहतो. तो उंच करायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर. समोरचा डिफरन्शिअल मात्र चेसिसला टांगलेला असतो, त्यामुळे तो चेसिससोबत वर जातो. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी, तिच्याखालचा चेसिसचा आडवा क्रॉस मेंबर, फूटस्टेप किंवा डिझेलची टाकी घासत असेल, तरच उंची वाढवण्यात अर्थ आहे.

हे मी इतकं लांबण लावून सांगतो, कारण 'गाडी वरून उंच दिसते म्हणजे खालून उंच झाली' या समजुतीवर आमच्या धंद्यातल्या अनेकांचं घर चालतं.

आता बसलेल्या गाडीबद्दल. नागपूरच्या गाड्यांची तऱ्हा वेगळी आहे. कोकणातली किंवा मुंबईची जुनी गाडी आली की मी आधी चेसिसवर हातोडी वाजवून बघतो, कारण तिथली हवा लोखंड खाते. आपल्याकडचं ऊन रबर खातं. मे महिन्यात पारा ४५-४६ वर, गाडी दिवसभर उघड्यावर आणि खाली तापलेला सिमेंट रस्ता. दहा वर्षांत चाक धरून ठेवणाऱ्या आर्मची रबरी बुशं काचेसारखी कडक होऊन तडकतात. चेसिस बघाल तर फॅक्टरीचा रंग अजून शाबूत! मागच्या कॉइल स्प्रिंग मात्र सतत वजन पेलून हळूहळू बसतात. तिसऱ्या रांगेत माणसं, वर कॅरिअर, हंगामात पोत्यांची ने-आण, असं असेल तर जास्तच.

मोजायचं कसं? जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका. टायरची हवा आणि झीज आकड्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून, म्हणजे हबच्या केंद्रापासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरांत सारखी हवा, आत कोणी नाही. टेप लावण्याआधी गाडी चार-पाच मीटर मागे-पुढे ढकला आणि चारही कोपरे दाबून हलवा. चारही आकडे लिहून ठेवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या उंचीशी ताडून पाहा. उजव्या-डाव्या बाजूत फरक निघाला तर चकित होऊ नका. ड्रायव्हर आणि डिझेलची टाकी रोज ज्या बाजूला असतात, ती बाजू जास्त बसते.

आता समोरचा भाग. खरी गडबड इथेच होते. सफारीला समोर कॉइल स्प्रिंग नाहीत. लांब पोलादी दांडा, म्हणजे टॉर्शन बार, एका टोकाला आर्मशी जोडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला चेसिसवरच्या अँकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि तो पीळ चाकाला परत खाली ढकलतो. अँकरचा बोल्ट कसला की आर्म खाली दाबला जातो आणि गाडी वर येते. पंधरा मिनिटांचं काम, एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. म्हणून तर ते इतकं लाडकं आहे.

पण चाकाची एकूण हालचाल आर्मच्या लांबीनं आणि स्टॉपरनं बांधलेली आहे, ती बोल्ट कसून वाढत नाही. समजा चाक मधल्या स्थितीतून ८ सेंटीमीटर वर आणि ८ सेंटीमीटर खाली जाऊ शकतं. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटीमीटर. तेवढी गाडी उचलली, म्हणजे उभ्या जागी चाक तेवढंच खाली लोंबलं. मग खड्ड्यात उतरायला उरलं अर्धा सेंटीमीटर. लोक म्हणतात, 'बार कसल्यावर सस्पेन्शन कडक झालं.' बार कडक झालेला नसतो. पोलाद तेच, जाडी तीच, लांबी तीच. चाक खाली जायला जागाच नाही म्हणून आर्म दर खड्ड्याला स्टॉपरवर आपटतो.

माझ्याच गाडीवर मी हे केलेलं आहे. तेव्हा हाताखाली दोन पोरं होती आणि डोक्यात हवा होती. माझी जुनी सफारी पावणेतीन इंच उचलली, फोटो काढले आणि सावनेरवरून छिंदवाड्याकडे निघालो. सिल्लेवानी घाटाच्या आधीच प्रत्येक खड्ड्यात आतून कोणी हातोडा मारावा तसा आवाज सुरू झाला. घाटातल्या वळणांवर तर गाडी आधी झुकायची आणि मग वळायची. पुढच्या रविवारी कन्हान नदीच्या वाळूत फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर, लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली. घरी येऊन पाहतो तर उजव्या चाकाच्या रिमवर आतून काळं ग्रीस शिंतोडलेलं. समोरच्या डिफरन्शिअलपासून चाकाला जोर नेणारा दांडा, म्हणजे एक्सल, त्याच्या बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट फाटला होता आणि वाळू थेट जॉइंटमध्ये गेली होती. उंची वाढली की एक्सलचा कोन वाढतो, बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासतात. त्यात पूर्ण वळण आणि जोर आला की बूट टिकत नाही. पुढच्या महिन्यात जॉइंट 'टक-टक' बोलू लागला. तीन इंचांची हौस मी पूर्ण एक्सल बदलून फेडली.

त्यानंतर अशा गाड्यांना मी समोर मूळ उंचीपेक्षा ३० ते ४० मिलिमीटरच्या वर जात नाही. ही मर्यादा मूळ उंचीवरून मोजायची, आजच्या बसलेल्या उंचीवरून नाही. म्हणजे तुमची गाडी समोर २५ मिलिमीटर बसलेली असेल, तर एकूण ६० मिलिमीटरच्या आसपास फरक डोळ्यांना दिसेल. तुम्हाला हवे असलेले तीन इंच जवळजवळ तिथेच आले.

बार कसण्याआधी रबर. वरच्या-खालच्या आर्मची बुशं, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर बारच्या लिंक आणि स्टॉपरचे रबर, सगळं हलवून बघा. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर लिफ्टचं नाव काढू नका. वाढलेल्या कोनात तो आणखी लवकर जाईल, आणि रस्त्यावर बॉल जॉइंट सुटला म्हणजे चाक आडवं होतं.

बुशं बदलताना एक चूक मी दर महिन्याला पाहतो. गाडी हॉर्स स्टँडवर, चाकं लोंबकळलेली, आणि पोरगं त्याच स्थितीत आर्मचे बोल्ट एअरगननं ठासून मोकळं होतं. रबरी बुश फिरत नाही, पिळलं जातं. त्याची आतली नळी बोल्टनं आवळली जाते, बाहेरची आर्ममध्ये बसलेली असते आणि मधलं रबर पीळ खातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच बुश कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं. काही महिन्यांतच ते फाटतं आणि तुम्ही म्हणता, 'पार्ट डुप्लिकेट निघाला.' पार्ट बिचारा ओरिजिनल असतो. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मागे-पुढे ढकला, उंची पक्की करा आणि मगच पिटमध्ये शिरून टॉर्क रेंचनं शेवटचं आवळा. उंची बदलायची असेल तर आधी हे बोल्ट सैल करायचे, हे ओघानं आलंच.

अँकरच्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट आणि अँकरवर रंगाची खूण करा, बाहेर आलेले आटे मोजून कागदावर लिहा. गाडी चेसिसवरून उचलून चाकं मोकळी झाल्याशिवाय पाना लावू नका. वजन असताना पाईप घालून ताकद लावली की आटे सोलतात, आणि तिथे आटे सोलले तर तो दिवस गेला. गॅसनं तापवून सैल करणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. त्या दांड्यात साठलेला पीळ माणसाचा हात तोडू शकतो. बार बाहेर काढावेच लागले तर उजवा-डावा अदलाबदल होऊ देऊ नका. त्यांना कामाच्या दिशेनं आधीच पीळ दिलेला असतो.

दोन-दोन फेरे कसायचे, गाडी उतरवायची, ढकलायची, मोजायचं. जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण चाकं आतल्या बाजूला ओढलेली असतात आणि टायर फरशीला धरून बसतात. गाडी खोटीच उंच दिसते. मीटर-दोन मीटर चालली की खरी उंची कळते. अर्धा दिवस इथेच जातो, म्हणून 'अर्ध्या दिवसात' हे ऐकलं की माझा कान उभा राहतो.

मागची बाजू तुलनेनं सोपी आहे. कॉइल स्प्रिंग आणि पाच लिंक. स्प्रिंग बसलेल्या असतील तर त्यांच्यावर पॅकिंग चढवणं म्हणजे पोट सुटलं म्हणून टाचा उंच करणं. नवीन स्प्रिंग घाला, मूळ मापाच्या. पुष्कळांचं काम तिथेच भागतं. त्यावर आणखी हवं असेल तर २० ते ३० मिलिमीटरचं चांगल्या पॉलियुरेथेनचं किंवा नायलॉनचं पॅकिंग, स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसेल असं खाच काढून घेतलेलं. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर असं पॅकिंग करून मिळतं. जुनं रबर नमुना म्हणून सोबत न्या. लाकडाचे, टायर कापून केलेले, पाईपचे तुकडे, हे सगळं मी लोकांच्या गाड्यांखालून काढलेलं आहे.

त्यासोबत चार गोष्टी बघायच्याच. शॉकॲब्सॉर्बर पूर्ण ताणल्यावर त्याची लांबी पुरते का? नाही पुरली तर ॲक्सलचं सगळं वजन शॉकॲब्सॉर्बरच्या बुशांवर लोंबतं. मधल्या ब्रेक होजला ॲक्सल पूर्ण लोंबल्यावरही ढील उरते का? हँडब्रेकची केबल ताणली जाते का? आणि मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा एलएसपीव्ही, म्हणजे वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, असेल, तर त्याची लिंक नव्या उंचीला जुळवून घ्यायची. हा व्हॉल्व्ह गाडी किती बसली आहे त्यावरून वजन ओळखतो. गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. सहा माणसं बसवून उताराला लागल्यावर हे कळू नये.

ॲक्सल किंचित एका बाजूला सरकलेला दिसेल, कारण ॲक्सलला चेसिसशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड वर्तुळात फिरतो. थोड्या उंचीत हा फरक काही मिलिमीटरचा असतो, त्यासाठी काही करायची गरज नाही.

बॉडी आणि चेसिसच्या मध्ये नायलॉनचे ठोकळे घालून बॉडी उचलून देणारेही भेटतील. स्टिअरिंगचा दांडा, गिअर लिव्हर, रेडिएटरची जाळी, सगळ्यांची जागा चुकते. तुमच्या कामाला निरुपयोगी. आणि शेजारच्या जिप्सीकडे बघून मन खट्टू करू नका. तिला चारही बाजूंना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल. मुळात ॲक्सलच्या खाली असलेले पाटे वर घेतले की ती पाच-सहा इंच उठते. त्याचेही स्टिअरिंगच्या कोनापासून पाटे पिळण्यापर्यंत वेगळे त्रास आहेत, पण तो खेळच वेगळा.

टायर. तुमचा मूळ आकार २३५/७० आर १६, व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. २४५/७५ आर १६ घातला तर व्यास साधारण ७७४ होतो. फरक ३९, त्याचा अर्धा म्हणजे १९ मिलिमीटर मागचा गोळा वर जातो. पाऊण इंच! ऐकायला कमी वाटतं, पण गोळ्याखाली मिळणारी ही एकमेव खरी वाढ आहे. त्या बदल्यात स्पीडोमीटर सुमारे पाच टक्के कमी दाखवेल, काटा ८० वर असताना गाडी ८४ नं धावत असेल. ओडोमीटरही कमी मोजतो, म्हणून 'ॲव्हरेज पडलं' अशी जी ओरड होते तिच्यातला थोडा भाग निव्वळ हिशेबाचा असतो. घालायचे तर चारही सारखे, सारख्याच झिजलेले. पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर घालून फोर व्हील लावलं तर ट्रान्सफर केस आतल्या आत पिळली जाते. टायरवाल्याकडे एकच टायर बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि खालच्या आर्मखाली जॅक देऊन चाक वर दाबून बघा. मडफ्लॅप आणि बंपरच्या कोपऱ्याला बोटभर जागा तरी हवी, कारण आपली काळी माती टायरला लाडवासारखी चिकटते आणि त्या जागेत घट्ट बसते. त्या मातीत ऑल टेरेन टायरच्या खाचा शंभर मीटरमध्ये भरून गुळगुळीत होतात. मड टायर माती फेकतो, पण रोज वर्धा रोडनं ऑफिसला जाणार असाल तर त्याचा घुमणारा आवाज डोकं उठवेल. मी तुमच्या जागी ऑल टेरेनच घेतला असता. पावसाळ्यात पांदणीच्या तोंडाशी हवा २० पीएसआयपर्यंत उतरवून सावकाश आत गेलो असतो, आणि डांबरीवर येताच सोबतच्या छोट्या पंपानं भरून घेतली असती.

एक फुकटचा उपायही सांगून ठेवतो. दोन्ही चाकं चाकोरीत घालूच नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं धुऱ्याच्या बाजूनं ठेवा, गोळ्याखाली आपोआप जागा होते. आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकल्या तर ती सगळ्यात स्वस्त लिफ्ट ठरेल.

कायद्याचं न सांगता पुढे गेलो तर बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२४ मध्ये संपली, म्हणजे नूतनीकरण झालं असेल आणि पाच वर्षांनी पुन्हा आरटीओची तपासणी आहे. बसलेली गाडी नवीन स्प्रिंग घालून मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती आहे, तिला कोणी हरकत घेणार नाही. त्यापुढचं पॅकिंग आणि मोठा टायर हा बदल आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवेल. मी काम करून देतो, पण हे समोर बसवून सांगितल्याशिवाय पाना उचलत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी चार कोपऱ्यांचे आकडे. मग समोरची बुशं, बॉल जॉइंट, मागच्या नवीन स्प्रिंग, चार शॉकॲब्सॉर्बर, आणि समोरचे बार मूळ उंचीला. एवढं करून एक पूर्ण पावसाळा गाडी शेतावर न्या. घासणं थांबलं नाही तरच पॅकिंग आणि टायरचा विचार.

काम झाल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवून गाडी बसू द्या, पुन्हा मोजा आणि मग अलाइनमेंट. कॅम्बर, कॅस्टर, टो या चाकांच्या तिन्ही कोनांच्या आकड्यांचा कागद मागा. फक्त टो बघून पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका. शेवटी रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली घ्या. समोरची बाजू उठली की झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि उमरेड रोडवर रात्री समोरून येणारा बहुधा हेल्मेट नसलेला दुचाकीवाला असतो.